तीन सडांची म्हैस

कल्याण दोनदा पोलीस भरतीत पडला. पहिल्यांदा धावण्यात, दुसऱ्यांदा लेखी परीक्षेत. मग त्यानं केडगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते सव्वा वर्षात बसलं. गावी परत आल्यावर, करायला काही नव्हतं म्हणून, एका दुपारी गोठ्यात मोबाईल गव्हाणीला टेकवून तो ही सगळी रडकथा त्याच्यापुढं बोलला. पोटातलं होतं, ते बाहेर पडलं, आणि तो व्हिडिओ त्यानं तसाच यूट्यूबवर टाकला. दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर चार हजार माणसांनी त्याचं बोलणं ऐकलेलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'दादा, काल जगू नये असं वाटत होतं. तुमचं ऐकलं आणि थांबलो.'

त्या ओळीनं कल्याणला पुन्हा माणसांत आणलं. त्यानं 'हरलेला कल्याण' नावाचं चॅनल काढलं. धावताना पोटरी कशी भरली ते सांगितलं, दुकानाचं शटर शेवटचं ओढलं तो दिवस सांगितला, उन्हाळ्यात कोंबड्यांची पिल्लं एकाच दुपारी कशी माना टाकत गेली तेही सांगितलं. माणसं वाढत गेली. लग्नाकार्यात लोक त्याला ओळखू लागले, शेजारी उभं राहून फोटो काढू लागले. जिंकणाऱ्याला मिळत नाही एवढा मान त्याला हरण्यानं मिळवून दिला.

पण हार म्हणजे काही विहिरीचा पाझर नव्हे, उपसली की पुन्हा भरायला. वर्षभरात कल्याणच्या सगळ्या हारी सांगून झाल्या. आठवीत गणितात नापास झाल्याचं सांगितलं, तर नऊशे माणसंसुद्धा फिरकली नाहीत.

"आता काय सांगनार?" भाकरी थापता थापता धनश्री, त्याची बायको, म्हणाली. "माझ्याशी लगीन केलं ते सांगा. लई लोक बघतील."

"तू गप."

"रडून दाखवा जरा. लगीन आठवलं की रडू येतंच तुमाला."

कल्याण हसला नाही. त्याला म्हैस आठवली होती.

त्याचे वडील रंभाजी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली करत. चाळीस वर्षं दर शुक्रवारी तेच. तिथं सौद्याचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल उपरणं हातावर टाकतो, त्याच्याखाली आधी विकणाऱ्याचा हात धरतो, मग घेणाऱ्याचा. कोणतं बोट धरलं, किती वेळा दाबलं, त्यावर भाव ठरतो. चारचौघं भोवती उभी असली तरी आत काय चाललंय ते कुणाला कळत नाही. आणि हातानं बोललेलं तोंडानं कधी काढायचं नाही, असा तिथला धर्म. रंभाजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्याचा हात धरला की माणूस निर्धास्त होई.

चार वर्षांमागं कल्याणनं दूधधंदा करायचा म्हणून त्याच बाजारात म्हैस घेतली. घरी आणून पिळली तर एक सड बंद. चार सडांतलं एक मेलेलं, दूधच नाही. धंदा तिथंच खोळंबला.

आता कल्याणनं तीच गोष्ट मोबाईलपुढं सांगितली. फक्त थोडी वळवून. "आमच्या वडिलांनी चाळीस वर्षं जनावरं पारखली," तो म्हणाला, "पण माझ्या वेळी त्यांची नजर चुकली. ज्यांना ते भाऊ मानतात त्या व्यापाऱ्यानंच गळ्यात मारली. मित्रांनो, बापही चुकतो. आपण उठून उभं राहायचं." बोलताना त्याचा आवाज भरून आला. तो खोटा नव्हता. वडिलांविषयी बोलताना त्याला खरंच भरून आलं होतं.

दोन लाख लोकांनी ते बघितलं.

पुढच्या शुक्रवारी रंभाजी बाजारातून दुपारीच घरी आला. एरवी दिवस मावळायच्या आत तो कधी येत नसे. ओसरीवर बसला, पाणी प्याला. उपरण्याची घडी तशीच होती, सकाळी घालून नेलेली.

"लवकर आलात, आबा?" धनश्रीनं विचारलं.

"कुनी हात दिला न्हाई," तो म्हणाला. मग कल्याणकडं न बघताच बोलला, "त्यो अंगद यापारी म्हनला, आबा, चष्मा घ्या आता. त्या संगमनेरवाल्यानं मोबाईल लावला. माझ्यापुढं. समद्यांनी ऐकलं. मीबी ऐकलं."

कल्याणनं खिशातून मोबाईल काढला. त्यानं तिथल्या तिथं व्हिडिओ पुसला. पण तोवर तो शेकडो मोबाईलांत जाऊन बसला होता. बापाच्या पुढ्यात उभं राहून तो म्हणाला, "आबा, मी खरं काय ते सांगतो. उद्याच दुसरा व्हिडिओ टाकतो. माझीच चूक हुती म्हनतो."

रंभाजीनं पहिल्यांदाच मान वर केली. "तो किती लोक बघतील?"

कल्याणनं हातातल्या मोबाईलकडं बघितलं.

"ह्याच्यापेक्षा जास्त?"

कल्याणला खोटं बोलवेना. त्याच्या डोक्यात नाव आधीच तयार झालं होतं: 'माझी सगळ्यात मोठी हार.' आजवरचा कुठलाच बघितला नव्हता इतका तो लोकांनी बघितला असता.

"मला इकलंस ते इकलंस," रंभाजी म्हणाला. "त्याची माफीबी इकू नको."

आठवडाभर घरात बोलणं कामापुरतं. धनश्रीची चेष्टा बंद झाली. रंभाजी शेतात जाई, येई, जेवी. दुसऱ्या शुक्रवारी मात्र त्यानं नेहमीसारखं उपरणं खांद्यावर टाकलं आणि एसटीची वाट धरली. त्याच्या मागच्या गाडीनं कल्याणही गेला. मोबाईल त्यानं धनश्रीच्या हातात दिला. तिनं काही न विचारता तो डाळीच्या डब्यावर ठेवला.

बाजार भरात होता. कल्याणनं कडेच्या रांगेपासून सुरुवात केली. ज्या व्यापाऱ्यांचे हात त्याच्या बापानं वर्षानुवर्षं धरले होते ते त्याला ठाऊक होते. एकेकापुढं जाऊन तो तेच सांगत गेला: "त्या व्हिडिओत मी खोटं बोललो. आबांची नजर चुकली न्हवती."

बोलायला सोपं वाटतं. पहिल्यानं ऐकून घेतलं आणि बैलाला पेंड टाकायला लागला. दुसरा म्हणाला, "मंग तवा खोटा हुता, का आत्ता?" अंगद भोवतीच्यांना हाक मारून म्हणाला, "या रे, हरलेला कल्याण आलाय, आज नवीन काय हरलाय बघा." दोघांनी मोबाईल काढून त्याच्यावर धरले. कल्याण आजवर हजारोंपुढं बोलला होता, पण समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून आपली चूक सांगायची त्याला सवय नव्हती. तरी तो थांबला नाही.

शेवटी तो गोरक्षनाथाच्या खुंट्यापाशी आला. म्हैस विकणारा हाच. कल्याणनं व्हिडिओत नाव घेतलं नव्हतं, पण बाजाराला कळायला नाव लागत नाही.

"तात्या, मी..."

"बस," गोरक्षनाथ म्हणाला. कल्याण उभाच राहिला. "सड बंद हाय हे मी तुझ्या बापाच्या हातात आधी सांगितलं हुतं. म्हनून भाव पाडला हुता. त्यानं तुला सांगितलं असंलच."

"सडाचं कळलं न्हाई, घेऊ नगं एवढं सांगितलं हुतं," कल्याण म्हणाला. "उपरण्याखाली माझी पाचीबी बोटं मिटवली. सोड म्हनून. पन माझ्यासंगं भरतीतले केडगावचे दोस्त आलेले. त्यांच्यापुढं बाप मला हात धरून थांबवतोय असं दिसाया नगं हुतं. मी मोठ्यानं म्हनलो, घेतली."

"आन् बाजारात शब्द गेला की गेला."

"व्हय."

गोरक्षनाथानं म्हशीच्या पाठीवरची माशी हाकलली. "चार वर्सं झाली. रंभाजीनं मला कवा म्हटलं न्हाई, की पोराला मी नगं म्हनलं हुतं. मला वाटायचं, ह्यानंच पोराला घ्याया लावली." मग त्यानं विचारलं, "त्याला जाऊन सांगितलं का तू हे?"

"आबांना ठावंच हाय."

"ठावं असनं येगळं. जा."

रंभाजी बाजाराच्या कडेला लिंबाखाली बसला होता. एकटाच. चहाचा रिकामा ग्लास शेजारी. कल्याण त्याच्यासमोर मातीत बसला.

"आबा, तुमी नगं म्हनला हुता. मी घेतली. तुमचा हात मी झिडकारला."

रंभाजीनं ग्लास उचलला, त्यात काही नाही हे बघून परत ठेवला. "तवाच बोलला असतास," तो म्हणाला, "तर म्हस तिथल्या तिथं परत केली असती. गोरक्षनाथानं माझ्या शब्दाखातर घेतली असती. म्या वाट बघितली. चार वर्सं."

कल्याणनं डोळे पुसले. कुणी ते बघत नव्हतं.

तेवढ्यात लंकाबाई नावाची एक म्हातारी दोरीला शेळी घेऊन आली. व्यापाऱ्याशी तिचं जमत नव्हतं, आणि रिकामा दलाल हा एकच दिसत होता. "अवो दादा, बघता का जरा? ही गाभन हाय म्हनते मी, त्यो न्हाई म्हनतो."

बैलजोड्यांसाठी ज्याला चार तालुक्यांतून बोलावणं येई, तो रंभाजी एका शेळीसाठी उठला. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. त्यानं शेळीच्या पोटाखाली तळवा लावला, डोळे मिटले आणि तसाच थांबला. व्यापारी बाजूला उभा राहून हसत होता. रंभाजीला घाई नव्हती.

"गाभन हाय," तो म्हणाला. "दुसरा म्हैना."

व्यापाऱ्यानं त्याच्याकडं बघितलं, मग मागं मातीत बसलेल्या कल्याणकडं. आणि जरा वेळानं, नाइलाजानं म्हणावं तसा, त्यानं आपला हात पुढं केला.