पाठीने धरलेलं दार

मी एक जुना पत्र्याचा ओव्हन आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यातल्या एका अक्षरावरही तुमचा विश्वास बसणार नाही. न बसो बापडा. खरं बोलणाऱ्याला कुणाची भीती?

मित्रांनो, मला एका पत्रेवाल्याने घडवलं. त्याने शेवटचा ठोका मारला तेव्हा असा नाद घुमला, की गावातल्या शाळा सुटल्या. मुलांना वाटलं, घंटा झाली. माझी आच तर अशी, की या घरात आलो त्या हिवाळ्यात समोरच्या घरातली माणसंसुद्धा स्वेटर काढून बसायची. इथलं मांजर तेव्हा जे वितळलं, ते अजून माझ्या माथ्यावर पसरलेलं असतं.

घर एका कुलूपवाल्याचं. त्याची बायको आणि लेक चिमी, एवढाच संसार. दर रविवारी चहाला जॅमचे बन. आई पिठात लोणी चोळायची, दूध घालून मळायची. चिमी गोळे करायची. गोळ्यात अंगठ्याने खळगा, खळग्यात चमचाभर जॅम, मग तोंड चिमटून बंद करायचं आणि ते तोंड खाली करून बन ट्रेवर ठेवायचा. नाहीतर जॅम बाहेर येतो, जळतो, आणि बोल मला लागतो. बन चांगले झाले की मात्र पाहुणे म्हणणार, "काय हात आहे हो वहिनी तुमचा!" हात म्हणे! भाजत कोण होतं?

असो. वर्षं गेली. माझ्या काचेवर काजळी चढली, पाय डुगडुगायला लागले, पुसायचं कुणाला आठवेना. आणि चिमीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली.

गावभरची कुलपं उघडणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलं. लेकीशी बोलणं बंद.

"तिला म्हणावं, मीठ दे."

"ती तुमच्या समोर बसलीये. मी काय पोस्टमन आहे?" बायको करवादायची.

निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. गोळ्याचं तोंड चिमटता चिमटता चिमी म्हणाली, "आई, उद्या मी बॅग उचलीन, आणि बाबा पेपरातून मानसुद्धा वर काढणार नाहीत. असं कसं गं जायचं?" तिच्या हातातला गोळा चपटा झाला.

मला पाहवेना. बन आत गेले, मी तापलो, आणि मनाचा हिय्या करून माझ्याच कडीचा स्क्रू गाळून टाकला. टण्ण! दार आ वासून उघडं.

"अहो, धावा!" आई ओरडली.

कुलूपवाला धावत आला. पण तापलेल्या दारावर पेचकस कोण चालवणार? खुर्ची लावून पाहिली, ती घसरली. शेवटी त्याने टॉवेलची जाड घडी केली, ती दाराला लावली आणि स्टुलावर बसून पाठीने दार रेटून धरलं. तेवढ्यात चिमी समोर येऊन बसली. तो उठायला लागला.

"उठू नका! तुम्ही उठलात की बन बसलेच!" तिने दटावलं.

बसला बिचारा.

"बाबा," चिमी म्हणाली, "नको म्हणालात तर नाही जाणार. पण काहीतरी म्हणा."

तो पाठीमागची टॉवेलची घडी उगाच सारखी करत बसला. मी जरा आच वाढवली. पाठ शेकली की जीभ सैल होते, हा माझा अनुभव आहे.

"तिथे खोलीत ओव्हन आहे?" त्याने विचारलं. चक्क लेकीला विचारलं!

"नाही."

"मग चहाबरोबर काय खाशील?"

"बिस्किटं."

"बिस्किटं!" जणू पोर विटा खाणार होती. "काही नको. जा, नोकरी कर. पण महिन्यातून एकदा इथे चहाला यायचं. मी दार धरून बसेन."

चिमी हसली की रडली, ते काजळीतून मला नीट दिसलं नाही. आई म्हणाली, "तोंडं बनांची बंद करायची असतात हो, माणसांची नाही."

तेव्हापासून चिमी येते, आणि कुलूपवाला स्टुलावर बसून तिच्या ऑफिसच्या गप्पा ऐकतो. "दुकानात स्क्रूंचे डबे भरलेत, एक लावा की," असं बायको म्हणते. तो म्हणतो, "या मापाचा मिळत नाही." आणि हल्ली माझी काच तोच पुसतो.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. मोडकी म्हणून भंगारात देऊ नका. कधी मोडायचं ते आम्हाला बरोबर कळतं. आता माझंच बघा ना, तो स्क्रू मी स्वतःहून—

"थापाड्या!" शेगडीवरची किटली फुसफुसली. "स्क्रू सकाळीच चिमीने सुरीच्या टोकाने काढला होता. आणि जाताना पर्समध्ये घालून घेऊन गेली, मी पाहिलंय!"