पाव किमतीचं मशीन

नागपूरच्या महाल भागातल्या गिरिधरच्या घरी एक व्यवहार सत्तावीस वर्षं बिनबोभाट चालू होता. गिरिधर बाजारातून काहीही आणो, किंमत अर्धी सांगायचा, आणि देवकी ती मनातल्या मनात दुप्पट करून घ्यायची. बावीसशेचं ड्रिल अकराशेला आलं, सोळा हजारांचा इन्व्हर्टर आठला आला. "बरं झालं, स्वस्तात भेटलं," असं देवकी म्हणायची आणि खरा आकडा डोक्यात ठेवून द्यायची. यात कोणी कोणाला फसवतंय असं दोघांपैकी एकालाही कधी वाटलं नाही.

गिरिधरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायची. उन्हाळ्यात अख्ख्या महालाचे कूलर त्याच्या हातून जायचे. अशा माणसाला नवं मशीन दिसलं की राहवत नाही, आणि त्यात छतावरच्या सोलरचे युनिट दर महिन्याला उरत होते. त्या उरलेल्या युनिटांवर चालेल असं मायनिंगचं मशीन त्याला मोबाईलवर सापडलं. दिवसरात्र गणितं सोडवायची आणि बदल्यात डिजिटल नाण्याचे कण गोळा करायचे, एवढंच त्याचं काम. किंमत एक लाख चाळीस हजार. माल चीनहून विमानाने थेट नागपूरला.

इथे गिरिधर घाबरला. नेहमीप्रमाणे सत्तर सांगितले तर देवकी दुप्पट करणार, म्हणजे बरोबर एक चाळीसवर पोचणार, आणि एक चाळीस ऐकून तिने मशीन उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. म्हणून त्याने पस्तीस सांगितले. तिने दुप्पट करून सत्तर धरले, थोडी कुरकुर केली आणि गप्प बसली. पण खोक्यासोबत बिल येणार, ते ती वाचणार. मग त्याने विक्रेत्याला निरोप धाडला, बिलावर निम्मी किंमत टाका. विक्रेत्याने काही न विचारता होकार दिला. गिरिधरला वाटलं, तिकडेही बायका असतातच.

खोकं नागपूरच्या कार्गोत पोचलं आणि तिथेच अडकलं. कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या अरुंधती मॅडमचा फोन आला, तसा गिरिधर स्कूटर काढून त्यांच्या ऑफिसात गेला.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "बिल सत्तर हजारांचं. हेच मॉडेल सगळीकडे दुपटीला विकलं जातं. कस्टमच्या साहेबांनी विचारलंय, खरे किती दिले?"

"एक चाळीस. पण मॅडम, ड्युटी तर बिलावरच लागते न?"

"बिल खरं असलं तर. ड्युटी खऱ्या किमतीवर लागते. त्यात विमानाचं भाडं धरायचं, विमा धरायचा. ते वीस हजार, म्हणजे तुमचे झाले एक साठ."

"भाड्यावरही ड्युटी?"

"ऐका तर. एक साठवर या मालाची कस्टम ड्युटी साडेसात टक्के, बारा हजार. त्या बारा हजारांवर दहा टक्के अधिभार, बाराशे. मग सगळ्याची बेरीज करायची आणि तिच्यावर अठरा टक्के जीएसटी."

"म्हणजे कराच्या डोक्यावर अजून कर?"

"चव्वेचाळीस हजार तीनशे शहात्तर," मॅडम म्हणाल्या. "हे मागवायच्या आधी विचारायचं असतं, दादा. पण हा तर सरळ हिशेब आहे. भानगड दुसरी आहे. किंमत लपवली म्हणून माल जप्त होऊ शकतो."

गिरिधरच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, बुद्धाची शपथ घेऊन सांगतो, मले सरकारले नव्हतं फसवाचं. बायकोले फसवाचं होतं."

मॅडमनी पेन खाली ठेवला. हसू आवरायला त्यांना बराच वेळ लागला.

"मग हेच लिहून द्या. पैसे दिल्याचा बँकेचा कागद जोडा. खातं कोणाचं?"

"दोघांचं."

"मग दोघांची सही. त्याशिवाय मी कागद पुढे पाठवत नाही."

घरी देवकी ब्लाऊजला हुक लावत बसली होती. गिरिधर दोनदा पाणी प्यायला, पंखा वाढवला, पुन्हा कमी केला.

"काय झालं? मशीन फुटलं का?"

"नाई वं. सही पाह्यजे तुही. त्याची किंमत... सत्तर नाई. एक चाळीस आहे."

देवकीची सुई थांबली. तिने मनात काही मांडलं, पुन्हा मांडलं. गिरिधर आवाज चढायची वाट पाहत होता. आवाज चढला नाही.

"म्हणजे पस्तीस सांगतले ते पाव होते?"

"हो."

"अर्ध्याचं मले माहीत होतं. तुमालेही माहीत होतं का मले माहीत आहे. मंग पाव काहून?"

"तू नाई म्हटलं असतं."

"म्हटलं असतं. दोन दिवस म्हटलं असतं. तिसऱ्या दिवशी तुमचं तोंड पाहून हो म्हटलं असतं. तो इन्व्हर्टर कसा आला घरात?" तिने दोरा दातांनी तोडला. "मी दुप्पट करते हे तुमाले माहीत, अन त्याचाच तुमी फायदा घेतला. मले येडी बनवलं, तेही माह्याच हिशेबानं."

गिरिधर जळालेल्या मोटारीकडे पाहायचा, तसा स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिला. मशीन गेलं तर गेलं, असं त्याला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं.

"मशीन राहू दे वं," तो म्हणाला. "सही नको करू."

"काहून नको? एक चाळीस पाण्यात घालू?" देवकी उठली. "दाखवा कागद."

कागदावर त्याने लिहिलं होतं, 'नजरचुकीने बिलात किंमत कमी पडली.' देवकीने तो परत त्याच्या हातात दिला.

"यावर नाई करत मी सही. खरं लिहा."

"साहेब हसतील."

"हसू द्या. हसणाऱ्याले राग कमी येते."

गिरिधरने नवा कागद घेतला आणि पत्नीपासून किंमत लपवण्यासाठी बिल कमी करून घेतल्याचं एका ओळीत लिहिलं. देवकीने खाली नाव घातलं, मोठ्ठ्या अक्षरात.

साहेब हसले की नाही ते कळलं नाही, पण जप्ती टळली. किंमत एक साठ धरली गेली, ड्युटी लागली, वर पाच हजारांचा दंड बसला. पाच दिवसांनी दोघं मिळून खोकं आणायला गेले. पैसे भरून गिरिधर खिडकीवरून परत आला, तेव्हा देवकी बाकावर बसली होती.

"किती?"

"एकोणपन्नास हजार तीनशे शहात्तर."

तिचे ओठ हलले. गिरिधर ओळखीच्या त्या हालचालीने हबकला. "नाई, नाई! दुप्पट नको करू. एवढेच आहेत. खरंच."

देवकीने हात पुढे केला. त्याने पावती दिली. तिने ती वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचली, ड्युटी, अधिभार, जीएसटी, दंड, आणि बेरीज स्वतः करून पाहिली. खोकं देणारा माणूस समोर खोळंबला होता. तिने घाई केली नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

नागपूर बोर्डाचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही गिरिधरला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

खोकं स्कूटरच्या पुढ्यात पायांमध्ये धरून तो निघाला. देवकी मागे, पावती पर्समध्ये. वर्धा रोडच्या उड्डाणपुलाखाली सिग्नल लागला, तेव्हा तिने त्याच्या खांद्यावर बोट टोचलं.

"अहो, पण हे मशीन करते काय?"

महिनाभर दोघं नुसत्या किमतीवर बोलत होते. गिरिधरने मान मागे वळवली आणि सांगायला सुरुवात केली. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी त्याचं सांगणं सोलरपर्यंतच आलं होतं.

"चाला आता," देवकी म्हणाली. "बाकीचं चालता चालता सांगा. अन जोरात सांगा, मले ऐकू नाई येऊन राहिलं."