थांबल्याचं कारण

२००७ साली शिक्रापूरच्या मारुतरावांनी आपल्या अकरा ट्रकांना जीपीएस बसवलं. गाड्या कुठं आहेत ते कॉम्प्युटरवर बघायला त्यांनी दीक्षाला ठेवलं. तिच्यासाठी शब्द टाकला होता संपतमामांनी. ते तिच्याच वस्तीतले, मारुतरावांचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर.

"गाडी कुठं थांबली ते दिसेलच," मारुतराव तिला म्हणाले. "का थांबली ते फोन करून विचार आन् लिहून ठेव. ड्रायव्हर कुठं दमतात ते कळलं, की तिथं त्यांना पडायला एक खोली घेऊ."

दीक्षाला ते फार पटलं. ड्रायव्हर मात्र आधी काही सांगेनात. मग संपतमामांनीच त्यांना म्हटलं, "आपली पोरगी हाय. खरं काय ते सांगा तिला."

स्वतः मामांची गाडी दौंडच्या अलीकडं रोज दुपारी वीस मिनिटं उभी राहायची.

"काय झालं, मामा?"

"काय न्हाई गं. डोळं जड होत्यात. जरा पडतो आन् निघतो."

तिनं तसंच लिहिलं. तीन महिने लिहिलं.

दसरा झाला आणि मारुतरावांनी मामांना कामावरून काढलं. पुढ्यात तिच्याच नोंदी टाकल्या. ड्युटीवर झोपतो, तेही रोज.

दीक्षा तडक केबिनमध्ये गेली. "साहेब, तुम्ही खोलीचं बोलला होता."

"खोली कोण घेतंय?" मारुतराव हसले. "काम मात्र चोख केलंस. आता बाकीच्यांचे कागद काढ."

तिनं कागद काढले नाहीत. जागेवर येऊन एकेका ड्रायव्हरला फोन लावला. "खोली होणार नाही. थांबल्याचं कारण आता कुणाला सांगू नका. मला फसवलं त्यांनी."

"तुला त्यांनी फसवलं व्हय?" शंभू म्हणाला. "आन् आम्हाला कुणी?" त्यानं फोन ठेवला.

नोकरी सोडून ती संध्याकाळी मामांच्या दारात गेली. मामी आक्काबाईंनी पाणी दिलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हाला म्हाईत नसंल, खरं हाय," ते म्हणाले.

जन्मात त्यांनी तिला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तिला रडू फुटलं. मामा उठून आत गेले. आक्काबाई दारातच उभ्या होत्या, पण 'बस' म्हणाल्या नाहीत.