सहा शब्दांचा निरोप

रविवारी सकाळी आक्का गच्चीवर आली तेव्हा एक वायरमन पाण्याच्या टाकीवर चढून तिच्या अँटेनाची तार सोडत होता. एक टोक सुटून लोंबतही होतं. दुसऱ्याला त्यानं पक्कड लावली होती.

"अरे ए! खाली उतर आधी!"

आक्काची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, पण तिचा असा आवाज तिथेही कुणी ऐकला नव्हता. वायरमनच्या हातून पक्कडच पडली.

"सेक्रेटरींनी पाठवलंय, बाई. तार काढून टाक म्हणाले."

आणि तीही नेमकी आजच! या घराला हौशी रेडिओचं वेड होतं. आक्का, तिचा धाकटा भाऊ (त्याला सगळे भाऊच म्हणत), समुद्रापलीकडे राहणारी थोरली बहीण, सगळ्यांकडे लायसन्स होतं, आणि दर रविवारी सकाळी दोन्ही घरं सेटसमोर बसत. भाऊची मुलगी तर पेन्सिल धरायच्या आधी टेबलावर बोटांनी मोर्सची टिकटिक वाजवायला शिकली होती. म्हणून तिचं नावच टिकटिक पडलं. इतकी वर्षं ती नुसती ऐकत आली होती. गेल्या आठवड्यात परीक्षा पास होऊन तिला स्वतःचं बोलावचिन्ह, म्हणजे रेडिओवरचं नाव मिळालं, आणि आज ती पहिल्यांदा त्या नावानं बोलणार होती. सकाळपासून ती सेटसमोर केस विंचरून बसली होती, जणू थोरल्या आत्याला ती दिसणारच होती.

आक्का तरातरा खाली गेली. मागोमाग, आवाज ऐकून सेट सोडून आलेली टिकटिक. सेक्रेटरींनी दार उघडून फोनच पुढे धरला.

"हे वाचा. माझा नाइलाज आहे."

आक्कानं वाचलं. गच्चीवरच्या अँटेनामुळे कबुतरं पटापट मरत आहेत, लहान मुलांना डोकेदुखी सुरू झाली आहे, तज्ज्ञांनी इशारा दिला आहे, सर्वांना पाठवा.

"कोणी लिहिलंय हे?"

"अहो, सगळ्यांनीच पाठवलंय."

"मी पाठवणाऱ्याचं विचारत नाहीये. लिहिणाऱ्याचं विचारतेय!" आक्काचा चेहरा लाल झाला. "आमच्याकडे माणूस तोंड उघडायच्या आधी स्वतःचं चिन्ह सांगतो. निनावी बोलणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही. आणि इथे बेनाव मजकुरावर तुम्ही पक्कड घेऊन माणूस चढवता?"

"पण बाई, आता इंटरनेट असताना ती तार हवीच कशाला? फोन करा की बहिणीला!"

"इंटरनेट यायच्या आधीपासून आम्ही घरात बसून जगभर बोलतोय, सेक्रेटरी. आमचंही ते जाळंच. फरक एवढाच, की आमच्या जाळ्यात शिरायच्या आधी परीक्षा द्यावी लागते!"

टिकटिकनं तिचा पदर ओढला. "आत्या, बागेत लपवलेला सेट शोधतो ना आपण? जिकडे आवाज वाढेल तिकडे जायचं. तसंच शोधू या की हे कुठून निघालं ते."

आक्का थबकली. मग म्हणाली, "चला सेक्रेटरी. चपला घाला."

सेक्रेटरींना मजकूर आला होता तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंकडून. त्या जरा ओशाळल्या. "तज्ज्ञांचं मी नाही हं घातलं. मी फक्त डोकेदुखीचं लिहिलं. त्या दिवशी माझं खरंच दुखत होतं."

"तुम्ही लहान मूल आहात?" टिकटिकनं अगदी मनापासून विचारलं.

दंतवैद्य बाईंना तो आला होता तळमजल्यावरच्या शिंप्याकडून. तज्ज्ञ त्यानंच घातले होते. वर तो म्हणाला, "कबुतर एकच होतं हो. पण एका कबुतरानं कुणी हलतं का? म्हणून म्हटलं, कबुतरं."

"तुला शर्टाचं माप दिलं तर असंच वाढवतोस का रे?"

"मापात मी कधी चुकत नाही, आक्का!"

"मग इथेच का सुटलास?" आक्का कडाडली. "निरोप पुढे द्यायचा तर शब्द मोजून द्यायचा, घेणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचा. या पोरीला सहाव्या वर्षी येत होतं हे! आणि तुम्ही मिशा फुटलेली माणसं! बरं, तुला कुणी पाठवलं?"

शिंप्यानं फोन चाळला आणि अवघडून आक्काकडे पाहिलं. "तुमच्याच भाऊनं."

भाऊ घरी चहा पीत होता. तिघांना एकदम दारात बघून त्यानं कप खाली ठेवला. त्याचा मूळ मजकूर असा होता: "गच्चीवर कबुतर मरून पडलंय. झाडूवाल्याला सांगा." खाली फोटो. पुढे कबुतर, मागे अँटेनाचा खांब.

"सहा शब्द," टिकटिकनं मोजले.

"पुढे त्याचं काय झालं ते तू पाहिलंस?" आक्काचा आवाज आता खाली आला होता, आणि भाऊला त्याचीच जास्त भीती वाटली.

"पाहिलं."

"आणि गप्प बसलास?"

"आक्का, कशाला वाद घालायचा म्हटलं. आपोआप विरेल..."

"त्यांना येत नाही, त्यांचं सोड. तुला येतं! तुझ्या निरोपात कुणी शब्द घुसडला तर तू रेडिओवर तिथल्या तिथे टोकतोस. आणि इथे स्वतःच्या पोरीची तार उतरेपर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास? लायसन्स काय भिंतीवर टांगायला घेतलंस?"

भाऊनं मान खाली घालून तिथेच खुलासा लिहिला, स्वतःचं नाव घातलं आणि सोसायटीभर पाठवला. सगळे बघत राहिले. दोघांनी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं. पुढे कुणीच पाठवला नाही.

"बघा!" आक्का सेक्रेटरींना म्हणाली. "खोटं पाठवताना बोटं कशी झरझर चालली!"

भाऊ उठला, चपला घातल्या आणि दारोदार तोंडानं सांगायला निघाला. सेक्रेटरी जिन्यातून वर ओरडले, "बांध रे ती तार परत! बाकीचं मीटिंगमध्ये बघू."

"मीटिंगमध्ये मी येणारच आहे," आक्का म्हणाली. सेक्रेटरींना ते आश्वासन वाटलं नाही.

वायरमननं टोक बांधलं तोवर ठरलेली वेळ उलटून गेली होती. भाऊ सगळी दारं करून, घसा बसवून परतला आणि गुपचूप मागच्या स्टुलावर टेकला. सेटमध्ये खरखर होती. टिकटिकनं आधी ऐकलं, वाट मोकळी आहे का विचारलं, मग एकेक अक्षर सुटं करत स्वतःचं चिन्ह सांगितलं.

खरखरीतून थोरली आत्या आली. "आलीस का गं बाई! किती वेळ हाका मारतेय. काय विशेष तिकडे? ओव्हर."

टिकटिकनं वडिलांकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं.

"गच्चीवर कबुतर मेलं. एकच. मांजरानं मारलं असेल, पण मी पाहिलेलं नाही. ओव्हर."