बांधणाऱ्याची पहिली दुपार

त्या आदिवासी वस्तीत रिवाज होता. घर ज्याने बांधलं त्याने पहिली दुपार दार लावून आत काढायची, मगच घरच्यांनी आत पाऊल टाकायचं. भिंत पातळ राहिली, झरोका चुकला, तर शिक्षा त्याच्याच अंगाला. म्हणून इथले गवंडी हातभर जाड मातीच्या भिंती घालत, आणि भर उन्हाळ्यातही आत पंख्याची आठवण होत नसे.

इंजिनिअरसाहेबांना ही घरं मागासलेली वाटली. त्यांनी ती पाडून पत्र्याच्या छपराची बारा घरं उठवली. रिवाजाचं नाव काढलं तेव्हा ते पोट धरून हसले. वस्तीच्या गवंडीणबाईचा म्हातारा बाप त्या पत्र्याखाली पहिल्याच उन्हाळ्यात तडफडून गेला.

तेव्हापासून ती दात-ओठ खात होती. आता आणखी चाळीस घरं मंजूर झाली होती आणि वस्तीतर्फे सही तिचीच लागणार होती. घोडामैदान जवळच होतं. साहेब आपल्या वरच्या अधिकारी असलेल्या मोठ्या मॅडमना घेऊन टळटळीत उन्हात आले.

"सही करते की," ती म्हणाली. "पण आधी साहेबांनी स्वतः उठवलेल्या ह्या घरात दुपार काढायची."

"हे काय खूळ!"

"घरं चांगली आहेत म्हणालात ना?" मॅडम म्हणाल्या. "मग बसा की."

साहेब आत गेले. तिने बाहेरून कडी घातली. अर्धा तास फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं, मग दार धडधडू लागलं. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. तिने मुद्दाम थोडा वेळ जाऊ दिला.

"उघडा आता," मॅडम दटावून म्हणाल्या.

साहेब भिंत धरत बाहेर आले. शर्ट पिळून काढावा असा भिजलेला. मॅडमनी तिथल्या तिथे नकाशावर रेघ ओढली आणि मातीच्या जाड भिंती लिहिल्या. तिने सही केली.

साहेब घटाघट पाणी प्यायले. "इतकं तापतं, तर तेव्हाच बोलायचं होतं," ते पुटपुटले. "बांधलं कोणी हे?"

"मीच. तुमच्या रोजंदारीवर," ती म्हणाली. "तुम्ही हसलात, म्हणून लाजून मीही पहिली दुपार आत काढली नाही. बापाला तसाच आत नेला."

ती उठली, आत गेली आणि दार ओढून घेतलं.

"मॅडम, कडी घाला. संध्याकाळपर्यंत उघडू नका."