तोफगोळ्यांच्या पेटीतली मिरची

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. माझ्या बुडाला मुठीएवढं भोक आहे आणि ते कसं पडलं, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्मच मारहाणीतून झाला. कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, वाकवलं आणि पोटात तोफगोळे भरून देवळाली कॅम्पला पाठवलं. सरावाच्या दिवशी तोफ गरजली की समोरच्या टेकडीचे कपचे उडत. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता! पुढे गंज चढला आणि १९७४ साली मी बाजारातल्या भंगाराच्या ढिगात येऊन पडले.

तिथून मला सुमनबाईंनी उचललं. त्या नाशिकच्या एका शाळेत प्रयोगशाळेच्या मदतनीस होत्या. त्यांचे वडील सहादूबाबा इगतपुरीकडचे. शेत धरणात बुडालं तेव्हापासून ते लेकीच्या चाळीतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असत. दोन-दोन दिवस जेवत नसत. "हातांना काम मिळालं नाही तर बाबा माझ्या हाती लागायचे नाहीत," असं सुमनबाई म्हणत. चाळीच्या फरसबंद अंगणात मूठभर माती नव्हती, म्हणून त्यांनी मातीवाचून शेती करायचं ठरवलं.

गंज पाण्यात उतरू नये म्हणून त्यांनी मला घासून आतून डांबर फासलं. तोंडावर तारेची जाळी, जाळीवर धुतलेली खडी, खडीत मिरचीची रोपं आणि खाली माझ्या पोटात खत मोजून विरघळवलेलं पाणी. मुळं गुदमरू नयेत म्हणून रबरी नळी लावून सायकलच्या पंपाने सकाळ-संध्याकाळ पाण्यात हवा सोडायची.

"मातीबिगर रोप? येडी झाली का गं तू?" सहादूबाबा म्हणाले. पण आठ-दहा दिवसांनी त्यांनी जाळी उचलली, पांढरीशुभ्र मुळं पाहिली आणि पंप लेकीच्या हातातून हिसकावूनच घेतला. त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले.

पण शेतकऱ्याचा जीव तो! नुसत्या पाण्यावरचं रोप त्यांना उपाशी लेकरासारखं वाटे. मिरच्या धरल्या तसे ते लेक शाळेत गेली की शेण आणि गूळ कालवून गुपचूप माझ्यात ओतू लागले. चैत्राचं ऊन. चार दिवसांत सगळं आंबलं, फसफसलं आणि चाळभर वास सुटला.

शेजारच्या पुतळाबाईंचा नवरा हातभट्टीची दारू पिऊन मेला होता. पेटी, नळी आणि आंबलेला गूळ! त्यांना ती दारूची भट्टीच वाटली आणि त्यांनी थेट दारूबंदीच्या पोलिसांची धाड आणली.

भर दुपारी तिघे आले. "भट्टी कुठंय रे, म्हाताऱ्या?"

"सायेब, मिरच्या हायेत हो. वाकून बघा तरी!"

उत्तरादाखल काठी बसली. खडी उधळली, रोपं बुटांखाली चिरडली. एकाने पहार उगारली तशी सहादूबाबांनी मला मिठी मारली. काठी त्यांच्या मनगटावर उतरली आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग त्यांना फरफटत बाजूला फेकलं आणि पहार माझ्या बुडातून आरपार गेली. मित्रांनो, तोफ डागणारेसुद्धा आधी नेम पाहतात. यांनी काहीच पाहिलं नाही.

फरशीवर पाणी आणि पांढरी मुळं पसरली. "च्यायला, शेण हाय हे," एक जण नाक दाबून म्हणाला आणि ते निघून गेले. पुतळाबाईंनी दारातून सगळं पाहिलं होतं.

हात प्लास्टरमध्ये अडकला आणि बाबांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. भाकरी तशीच परत जाऊ लागली. एके सकाळी पुतळाबाई त्यांच्या पायाशी येऊन बसल्या.

"बाबा, न बघता बोलले मी. मारा मला."

बाबा भिंतीकडून त्यांच्याकडे वळले. "मार लय झाला, पोरी. डोक्यावर वझं घेशील का?"

वैशाखात धरणाचं पाणी ओसरून बाबांचा बुडालेला बांध उघडा पडला होता. दोघं पॅसेंजरने गेली. पुतळाबाईंनी तिथली पोतंभर माती डोक्यावरून आणून माझ्यात ओतली. सुमनबाई भोक बुजवायला निघाल्या, तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मातीला निचरा लागतो." आणि डाव्या हाताने त्यांनी मिरची लावली.

आता १९८६ साल आहे. बाबा गेले, पण जेवूनखाऊन, हात मातीत ठेवून गेले. मित्रांनो, कुणावर हात उगारण्याआधी आत काय रुजतंय ते पाहत जा, एवढंच माझं मागणं. मला आता पुतळाबाई पाणी घालतात. घालण्याआधी रोज वाकून आत बघतात.