सहा दहाचा मुहूर्त, पावणेसातचं पाणी

पंढरीनाथ खानविलकरांनी आयुष्यात दोनच गोष्टी स्वतःच्या हिमतीवर केल्या. पहिली म्हणजे गिरगावची खोली सोडून भाईंदरला इंद्रलोक वसाहतीत दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. दुसरी, स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर शिवदासबरोबर बोट काढली. पहिलीबद्दल बायको, मनोरमाबाई, अजून समाधानी होत्या. दुसरीबद्दल त्यांनी मत राखून ठेवलं होतं.

शिवदास भाईंदर गावातला जुना माणूस. बापजाद्यांची मिठागरं होती, ती गेली. पण खाडी कुठे गेली नव्हती. उत्तनहून एक मच्छीमार बोट आणून त्याने ती धुऊनपुसून घेतली, पंढरीनाथांनी तिच्यावर गाद्यांची बाकं, कनाती आणि दिव्यांच्या माळा चढवल्या, आणि खाडीतून नदीच्या मुखाकडे फेरी मारून आणणारी क्रूझ उभी राहिली. नावावरून मात्र पंधरा दिवस अबोला झाला. पंढरीनाथांना बायकोचं नाव हवं होतं, शिवदासला आईचं. शेवटी डाव्या अंगाला 'मनोरमा' लिहिलं आणि उजव्या अंगाला 'इंदुबाई'. त्यामुळे बोट जाताना किनाऱ्यावरच्या माणसाला एक दिसायची आणि येताना दुसरी, आणि यांच्या दोन बोटी आहेत, धंदा जोरात आहे असा लोकांचा समज व्हायचा.

भागीदारीचा करार पंढरीनाथांनी स्वतः लिहिला. तेवीस कलमं. शिवदासने न वाचता सही केली, फक्त एवढंच म्हणाला, "दादा, पाण्यावर माझं ऐकायचं, येवढं लिव्हा." त्याचं कलम सात झालं: 'जमिनीवरचे निर्णय पहिल्या भागीदाराचे, पाण्यावरचे निर्णय दुसऱ्या भागीदाराचे.' लिहिताना पंढरीनाथांना ते फार सुबक वाटलं होतं.

कॅप्टनची टोपी मात्र एकच होती. पांढरी, सोनेरी नांगर असलेली. ती पंढरीनाथ घालायचे.

माघात रांगणेकर साहेबांचा फोन आला. पंढरीनाथांच्या ऑफिसातले साहेब. एकोणतीस वर्षं पंढरीनाथ त्यांच्या हाताखाली होते, आणि सेक्शन हेडची जागा तीनदा रिकामी झाली तेव्हा तिन्ही वेळा साहेबांनी ती दुसऱ्याला दिली होती. आता साहेबांच्या मुलीचा, क्षितिजाचा, साखरपुडा होता. मुलगा भाईंदरचाच, गुजराती, नाव कुलदीप. मुलांना काहीतरी वेगळं हवं होतं.

"पाण्याच्या मधोमध, मावळतीला. मुहूर्त सहा दहाचा आहे. जमेल ना, पंढरीनाथ?"

"साहेब, न जमायला काय झालं!" पंढरीनाथ म्हणाले. फोन ठेवल्यावर ते आरशासमोर गेले आणि टोपी घालून बघितली.

"साहेबांना दाखवायचंय वाटतं," मनोरमाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"दाखवायचं कसलं त्यात? कॅप्टन टोपी घालतोच."

"घाला हो. मी कुठे काढायला सांगतेय?"

पाच वाजता निघणार अशी कार्डं छापून झाल्यावर ती शिवदासला दाखवली. त्याने कार्ड पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. हेच कॅलेंडर पंढरीनाथही रोज बघायचे, पण मुहूर्तासाठी. शिवदास फक्त तिथी बघायचा.

"त्या दिवशी पुनव हाय, दादा."

"मग चांगलंच की! चंद्रसुद्धा दिसेल."

"चंद्र दिसंल, पानी न्हाय दिसनार. तिथीची पाऊणपट करा. पुनव म्हंजी पंधरा, तिची सव्वाअकरा. तवा भरती. आपल्या खाडीत पाऊण तास उशिरानं. म्हंजी बाराला. मंग सहा तासांनी, संध्याकाळी सहाला पार ओहोटी, ती बी पुनवेची. समदा चिखल. तीनला निघूया, पुलाजवळ खोल पान्यात जाऊन र्‍हाऊ."

"तीनला? उन्हात? वऱ्हाड काय वाळवण आहे? शिवदासराव, कार्डं वाटून झाली."

'शिवा'चं 'शिवदासराव' झालं की प्रकरण चिघळलं, हे शिवदासला ठाऊक होतं. "पन कलम सात..." तो म्हणाला.

"कलम सात काय म्हणतं? पाण्यावरचे निर्णय तुमचे. निघायची वेळ जेट्टीवर ठरते. जेट्टी जमिनीवर आहे."

शिवदासने डोकं खाजवलं. कागदातला माणूस कागदात हरत नाही, हे त्याने मनाशी लिहून घेतलं. "तुमच्या मनासारखं होऊन जाऊं द्या," म्हणाला आणि इंजिनाकडे वळला.

पौर्णिमेला बरोबर पाच वाजता बेचाळीस पाहुणे घेऊन 'मनोरमा' निघाली. सनई लावलेली, क्षितिजा मोतिया शालूत, गुरुजी पाटावर. टोपीतले पंढरीनाथ साहेबांच्या शेजारी उभं राहून डावीकडचे पाणपक्षी दाखवत होते. शिवदास सुकाणूवर होता. पाच वीसला बोटीच्या पोटाखालून म्हशीने उसासा टाकावा तसा आवाज आला. बोट पुढच्या अंगाने जराशी वर चढली आणि थांबली. शिवदासने इंजिन बंद केलं.

"शुं थयुं? कॅप्टनसाब, गाडी क्यूँ रुक गयी?" कुलदीपचे मामा ओरडले. दांडगे गृहस्थ, एका बाकावर एकटेच मावत.

बेचाळीस माना वळल्या. त्यातली एक साहेबांची.

पंढरीनाथांचं डोकं उत्तर शोधू लागलं. पण तोंड आधी धावलं. "मुद्दाम थांबवली! मुहूर्ताला बोट डुलायला नको. अंगठी घालताना हात हलतो."

"वा!" गुरुजी म्हणाले. "समई ठेवायची काळजी मिटली."

आणि खरंच, सहा दहाला अंगठ्या झाल्या त्या अशा की, फोटोग्राफरने इतकी स्थिर बोट आयुष्यात पाहिली नव्हती. पेढे वाटले गेले. रांगणेकर साहेबांनी पंढरीनाथांच्या खांद्यावर हात ठेवला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. "पंढरीनाथ, हे डोकं ऑफिसात कुठे ठेवलं होतं हो तुम्ही?"

याच वाक्यासाठी हा सगळा खटाटोप होता. वाक्य मिळालं, पण हातात घेतल्यावर ते पोकळ लागलं. पंढरीनाथांनी चोरून सुकाणूकडे पाहिलं. शिवदास त्यांच्याकडेच बघत होता. रागाने नाही, उपवासाच्या दिवशी चुकून भजी खाणाऱ्याकडे बघावं तसा.

"चला, आता एक फेरी होऊन जाऊ द्या," साहेब म्हणाले.

पंढरीनाथ सुकाणूपाशी गेले. "शिवा, आता?" हळूच म्हणाले.

"मना काय इचारता, दादा?" शिवदास तितक्याच हळू म्हणाला. "जमिनीवरचे निर्नय तुमचे. बोट जमिनीवरच हाय."

पंढरीनाथांनी कठड्यावरून खाली पाहिलं. पाणी नव्हतंच. चिखल मऊ, काळा, आणि त्यावर एक खेकडा आडवा चालत होता. तोही कोणाला तरी टाळत असावा. मागे साहेब वाट बघत होते. आता अजून एक थाप मारायची, तर ती इंजिन बिघडल्याची मारायची, म्हणजे शिवदासच्या माथी. तेवढी एक गोष्ट त्यांच्याने होईना.

त्यांनी टोपी काढून काखेत धरली.

"मंडळी, बोट मी थांबवली नाही. बोट रुतली आहे. शिवदास तीनला निघा म्हणत होता, मी ऐकलं नाही. चूक माझी."

कोणीतरी सनई बंद केली.

"म्हणजे मघाशी मला..." साहेब म्हणाले.

"थाप मारली, साहेब."

रांगणेकर साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुमच्या गोपनीय अहवालात मी दरवर्षी एकच शेरा मारायचो: 'काम चोख, चूक कबूल करत नाही.' आता तो कुठे जाऊन दुरुस्त करू?"

कुलदीप फिस्सकन हसला, मग क्षितिजा, मग बोटभर हसू पसरलं. फक्त मामा हसले नाहीत. "लेकिन घर कब जायेंगे?"

पंढरीनाथ शिवदासकडे वळले, सगळ्यांदेखत. "शिवा, तूच सांग. काय करायचं?"

शिवदास उभा राहिला. "पाच वीसला रुतली, सहाला ओहोटी संपली. जितका येळ पानी उतरलं तितकाच येळ चढंल. सहा चाळीस, पावनेसात. पन नाक रुतलंय, शेपूट मोकळी हाय. समदी मानसं मागं गेली त नाक उचलंल. पन घाई केली त बोट कलंडंल. एकेक करून, आनि जडवाली पयली." आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ते काम तुमचं, दादा. मी जाड्या मानसाला जाडा म्हनलो त मारंल मना."

पंढरीनाथांचा चेहरा उजळला. हे काम त्यांचं होतं खरं. वार्षिक समारंभात कोणाला कुठे बसवायचं, हे त्यांनी एकोणतीस वर्षं ठरवलं होतं. त्यांनी खिशातून पाहुण्यांची यादी काढली.

"मान्यवरांसाठी मागची बाकं राखीव आहेत," त्यांनी घोषणा केली. "नाव घेईन त्यांनीच यावं. प्रथम, वराचे मातुल!"

मामा ताठ मानेने मागे गेले. बोट मागून चार बोटं दबली. मग वराचे वडील, मग साहेब, मग दोन्हीकडच्या भारदस्त आत्या. प्रत्येकीला वाटलं, आपला मान दुसरीच्या आधी झाला. बारीक पोरंटोरं शेवटी. कोणी धक्काबुक्की केली नाही, कोणी उगाच उठलं नाही. शिवदास लांब बांबूने पाणी मोजत होता आणि मधूनच हाताचं बोट वर करत होता: थांबा, आता पुढचा.

सहा त्रेचाळीसला बोटीखालून पुन्हा तोच उसासा आला, या वेळी सुटकेचा. नाक उचललं. इंजिन धडधडलं. मिठागरांच्या पलीकडे चंद्र वर येत होता, आणि मान्यवरांनी मागच्या बाकांवरून टाळ्या वाजवल्या.

पंढरीनाथांनी टोपी शिवदासपुढे धरली. "घे. तुझी आहे."

"नको, दादा, डोकं खाजतं. तुमीच घाला." शिवदासने नजर पाण्यावरून काढली नाही. "बोट का थांबली म्हनून इचारायला लोकांना कोन तरी लागतो. मना इचारलं त मी खरंच सांगंल, आनि गिर्‍हाईक पळंल."

पंढरीनाथांनी टोपी घातली. मग खिशातलं पेन काढून उरलेल्या एका कार्डावरचं 'सायं. ५ वा.' खोडलं, आणि त्याच्यापुढे एक रिकामी रेघ ओढून कार्ड सुकाणूपाशी खोचून ठेवलं.

"पुढल्या फेरीची वेळ," ते म्हणाले. "भर."